बांगू : गिरणीच्या टीमचे नायक आणि खलनायक

दोस्तहो, इतिहास लिहिताना आपल्याला एक वाईट खोड लागलीय. एक तर माणूस मखरात बसवायचा, नाहीतर त्याच्या नावानं चप्पल काढायची. मधलं काही नाही. कालपर्यंत ज्याच्या गळ्यात हार घातले तो आज गद्दार. परवा ऐक्य झालं की तोच पुन्हा 'आमचे नेते'. संघटना फुटली की दोन्ही बाजू आपापल्या नायकांच्या आणि खलनायकांच्या याद्या काढतात, आणि नवीन पोरं त्या याद्या पाठ करतात. पैसा कुणाचा होता, सही कुणी केली, कुठल्या बैठकीत कोण गप्प बसलं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी एका फुटबॉल क्लबाचा इतिहास इथं मांडतोय. क्लब आपला नाही, देश आपला नाही, खेळही आपल्या गल्लीत फारसा नाही. पण माणसं ओळखीची वाटतील. क्लबाचं नाव बांगू. ब्राझील देशातल्या रिओ दि जानेरो शहराच्या पश्चिमेला बांगू नावाचं उपनगर आहे, तिथला हा गिरणीकामगारांचा क्लब.

१

ब्राझीलमध्ये गुलामी कायद्यानं संपली १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. तोवर आफ्रिकेतून चाळीस लाखांहून जास्त माणसं जहाजात कोंबून त्या देशात आणली गेली होती. गुलामी संपली म्हणजे काय झालं? कागद निघाला. जमीन नाही, भरपाई नाही, शाळा नाही. मोकळं केलं आणि रस्त्यावर सोडलं. पुढं १८९१ च्या राज्यघटनेनं निरक्षरांना मताचा अधिकारच दिला नाही. ज्यांना शिकू दिलं नाही त्यांनाच सांगितलं, तुम्ही अडाणी, तुम्हाला मत नाही. हा डाव आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

गुलामी संपली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, एक कापड कंपनी निघाली, आणि १८९३ पासून बांगूत तिची गिरणी सुरू झाली. यंत्रं विलायती, जाणकार विलायती. मँचेस्टर-ग्लासगोकडचे मास्तर, फोरमन, रंगारी आले. त्यातला टॉमस डोनोहो नावाचा स्कॉटिश रंगारी. त्यानं १८९४ मध्येच बांगूत बॉल आणला आणि ब्राझीलमधला पहिला फुटबॉल तिथंच खेळला गेला, असं बांगूचे लोक छातीवर हात ठेवून सांगतात. साओ पावलोचे लोक हे मानत नाहीत, ते आपल्या चार्ल्स मिलरचं नाव घेतात. दोघेही विलायतेशी नातं सांगणारे, तेव्हा आपल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही.

१७ एप्रिल १९०४ ला गिरणीतल्या साहेब मंडळींनी क्लब काढला. नावही इंग्रजी : द बांगू अथलेटिक क्लब. पण अडचण अशी की फुटबॉलला अकरा माणसं लागतात आणि बांगू शहरापासून लांब. रिओच्या मधल्या भागातले श्रीमंतांचे क्लब आपसात अकरा साहेब सहज जमवायचे. बांगूत तेवढे साहेब नव्हते. मग गिरणीतल्या कामगारांना आत घ्यावं लागलं. इटालियन आले, पोर्तुगीज आले, आणि एक काळा माणूस आला.

हे नीट लक्षात घ्या. क्लबाचं दार उघडलं ते कुणाच्या मोठ्या मनामुळं नाही. माणसं कमी पडली म्हणून उघडलं. दार गरजेपोटी उघडलं तरी त्यातून आत जाणारा माणूस खरा असतो, त्याचा खेळ खरा असतो. पण दार उघडणाऱ्याला महात्मा करायची गरज नाही.

२

त्या माणसाचं नाव फ्रान्सिस्को कार्रेगाल. बाप पोर्तुगीज गोरा, आई काळी. धंद्यानं विणकर. १४ मे १९०५ रोजी, म्हणजे गुलामी संपल्याच्या सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो बांगूकडून फ्लुमिनेन्से क्लबाविरुद्ध खेळला. फ्लुमिनेन्से म्हणजे रिओच्या बड्या घरातल्या पोरांचा क्लब. बांगूनं मॅच ५-३ नं जिंकली.

त्या वर्षीच्या टीमचा एक फोटो आहे. कार्रेगाल पुढच्या ओळीत, बॉल घेऊन बसलेला. मारियो फिल्यो नावाच्या पत्रकारानं ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या काळ्या माणसावर १९४७ मध्ये पुस्तक लिहिलं. माराकाना स्टेडियमला पुढं त्याचंच नाव दिलं. त्यानं या फोटोबद्दल एक गोष्ट टिपलीय : सगळ्या टीममध्ये सगळ्यात टापटीप कपडे कार्रेगालचे आहेत. साहेब लोक ढिलेढाले, कार्रेगाल कडक.

मला यात शौक दिसत नाही. आपल्यातले पहिले मॅट्रिक झालेले, पहिले कचेरीत लागलेले लोक आठवा. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेला बूट. साहेब मळक्या शर्टात आला तर तो साधा माणूस. आपला माणूस मळक्या शर्टात आला तर त्याची अख्खी जात मळकी. एका माणसाला दहा हजारांची इज्जत अंगावर घालून मैदानात उतरावं लागतं. कार्रेगालनं भाषण केलं नाही, पत्रक काढलं नाही. तो बसला, बॉल धरला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. पहिल्या नायकाचं काम कधी कधी एवढंच असतं. पण ते सोपं नसतं.

आणखी एक गोष्ट मला इथं टोचते. कार्रेगाल विणकर होता. माझं बालपण गिरणगावातलं, बाप रिंग खात्यात. आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यानपिढ्या राबली, पण साचेखात्यात त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. साचेखात्यात पगार जास्त. आणि धोट्यातून धागा ओढायचा तो तोंड लावून. महाराचं तोंड लागलेला धोटा बाकीचे कामगार तोंडाला लावणार नाहीत, म्हणून आपल्याला तिथं बंदी. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हाच सवाल उभा केला, आणि लाल बावटेवाल्यांची पंचाईत झाली. ब्राझीलच्या गोऱ्यानं काळ्या माणसाला गुलाम केलं, चाबकानं मारलं, पण बांगूच्या गिरणीत त्याच्या हातात धोटा दिला. इथं कामगारानंच कामगाराच्या हातातला धोटा काढून घेतला. वर्ण आणि वर्ग यांची घोकंपट्टी करणाऱ्यांनी हा फरक एकदा समजून घ्यावा.

३

१९०६ मध्ये रिओत पहिली लीग स्पर्धा झाली. सहा क्लब, त्यात बांगू एक. आणि लगेच पुढच्या वर्षी, मे १९०७ मध्ये, लीगच्या संचालकांनी क्लबांना कळवलं की रंगीत माणसांची खेळाडू म्हणून नोंद यापुढं होणार नाही. ठराव एकमतानं.

एकमतानं! वाचताना हा शब्द डोक्यात जातो. एकही हात वर झाला नाही. कुणी म्हणालं नाही की बाबांनो, परवा त्या पोरानं आपल्याला हरवलं, त्याचं काय? अर्थात, हरवलं म्हणूनच ठराव झाला. हरणारा काळा चालतो. जिंकणारा काळा आला की नियमाचं पुस्तक बाहेर निघतं.

बांगूनं त्या वर्षी लीग सोडली. यामागं एकटं हेच कारण होतं का, यावर तिथले अभ्यासक आजही वाद घालतात. घालू देत. एक गोष्ट कागदावर आहे : लीगचा ठराव झाला, आणि काळा विणकर ज्या टीममध्ये खेळत होता ती टीम लीगबाहेर गेली. लीगमध्ये राहण्यासाठी बांगूनं आपल्या काळ्या खेळाडूंचा बळी दिला नाही. बांगूच्या इतिहासातलं सगळ्यात सोनेरी पान म्हणून क्लब आजही हे सांगतो. आपणही टाळ्या वाजवू. पण पान उलटायचं विसरू नका.

४

पुढं बांगू लीगमध्ये परत आला. मधल्या काळात नियमाची भाषा सभ्य झाली, पण काटा तोच राहिला. १९१४ ची एक गोष्ट सांगतात : कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्र वर्णाचा खेळाडू फ्लुमिनेन्सेकडून उतरताना तोंडाला तांदळाची पावडर लावायचा, घामानं ती ओघळली आणि प्रेक्षक ओरडायला लागले. क्लबवाले ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगतात, पण फ्लुमिनेन्सेला 'तांदळाची पावडर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग आलं १९२३. व्हास्को द गामा हा पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा क्लब खालच्या गटातून वर आला आणि पहिल्याच वर्षी थेट विजेता झाला. टीममध्ये काळे, मिश्र, गरीब गोरे. ड्रायव्हर, हमाल, कामगार. फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका हे सगळे बडे क्लब हरले. आता काय करायचं? १९०७ सारखं उघड लिहिणं बरं दिसत नव्हतं. मग १ मार्च १९२४ ला त्यांनी जुनी लीग सोडून नवीन संघटना काढली. तिचे नियम बघा : खेळाडूला लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्याच्या कामाधंद्याची चौकशी होणार. हलक्या कामावरचा माणूस चालणार नाही. कुठंही काळा शब्द नाही. पण चाळणी अशी की खाली कोण पडणार हे आधीच ठरलेलं. इंटरव्ह्यूत 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून जागा रिकामी ठेवणाऱ्यांचे हे आजेपणजे.

व्हास्कोला सांगितलं गेलं, तुमचे बारा खेळाडू काढा, मग आत या. ७ एप्रिल १९२४ ला व्हास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी नव्या संघटनेचे अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले यांना पत्र पाठवलं. गिन्ले म्हणजे बंदरांचे आणि हॉटेलांचे मालक असलेलं घराणं. पत्रात मजकूर थोडा : या पोरांनी आम्हाला जिंकून दिलं, त्यांना आम्ही काढणार नाही, म्हणून तुमच्या संघटनेत आम्ही येत नाही. व्हास्को जुन्या लीगमध्ये राहिला, तिथं विजेता झाला, आणि १९२५ मध्ये बड्यांनाच त्याला आत घ्यावं लागलं. तीन वर्षांत, १९२७ मध्ये, वर्गणी काढून त्यांनी स्वतःचं मोठं स्टेडियम बांधलं.

आता सांगा, ज्या पाच क्लबांनी ही नवी संघटना स्थापन केली त्यांतला पाचवा कोण?

बांगू.

होय. १९०७ चा बांगू. कार्रेगालचा बांगू. १९२४ ला तो गिन्लेसाहेबांच्या पंगतीत बसला. बारा पोरांना दाराबाहेर ठेवणाऱ्या नियमाच्या आत बसला. स्वतःच्या टीममध्ये गिरणीकामगार असताना बसला.

बड्यांनी बांगूला आत का घेतलं? मला याचं उत्तर अवघड वाटत नाही. बांगू जिंकत नव्हता. तोवर त्यानं एकदाही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. गिरणीचा मालक वर होता, कामगार त्याच्या मुठीत होते, टीम शिस्तीत होती. असा एक गरीब क्लब पंगतीला ठेवला की बोलायला बरं पडतं : बघा, आमच्यात कामगारही आहेत, आम्हाला कुठं भेदभाव करायचाय? व्हास्को धोक्याचा होता, कारण त्याच्याकडं स्वतःचा पैसा होता आणि तो जिंकत होता.

आणि बांगू आत का गेला? कारण बाहेर राहिलो तर मॅच कुणाशी खेळायच्या, मैदान कुठलं, तिकिटाचा पैसा कुठला, हे सवाल त्याच्याही पुढं होते. शिवाय निर्णय घेणारे कार्रेगालच्या जागी बसलेले नव्हते. ते ऑफिसात बसलेले होते. १९०७ आणि १९२४ या दोन्ही वेळी मैदानावर कामगार होता. पण सही करणाऱ्या टेबलावर तो एकदाही नव्हता.

मग बांगू नायक की खलनायक? हा सवालच चुकीच्या जागी लागतो. क्लब म्हणजे एक माणूस नव्हे. त्याच्यात खेळणारे वेगळे, चालवणारे वेगळे. १९०७ चा मान खेळणाऱ्यांना द्या, १९२४ चा जाब चालवणाऱ्यांना विचारा.

आपल्याकडं पालवणकर बाळूंचं उदाहरण आहे. चांभार समाजातला हा गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात कामाला होता, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचा. हिंदूंच्या टीमला त्याची विकेट हवी, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ विकेट काढल्या. तरीही कप्तानी त्याला दिली नाही. ती मिळायला त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ उजाडावं लागलं. हे बाळू आपल्या दोन पिढ्यांचे नायक होते, बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान होता. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभं कुणाला केलं? याच बाळूंना. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक थोडा नव्हता, पण फार मोठाही नव्हता. म्हणजे आपल्यातल्याच हजारो लोकांनी बाळूंना मत दिलं असणार. त्यांना सगळ्यांना गद्दार म्हणणार? की ज्यांनी आयुष्यभर चहा बाहेर दिला, त्यांनी ऐन निवडणुकीत तिकीट आत बोलावून का दिलं, हे विचारणार? मी दुसरा सवाल विचारतो. बाळूंच्या ११४ विकेट खऱ्या आहेत. १९३७ चं तिकीटही खरं आहे. दोन्ही लिहावं लागेल.

५

दोमिंगोस दा गिया १९१२ च्या सुमाराला बांगूतच जन्मला. त्याचे तीन भाऊही बांगूकडून खेळले. तो पुढं ब्राझीलचा सगळ्यात मोठा बचावपटू ठरला. तीन देशांत, उरुग्वे, ब्राझील आणि अर्जेंटिनात, विजेतेपद मिळवलेला माणूस. लोक त्याला 'दैवी उस्ताद' म्हणायचे. बॉल लांब ढकलून देण्याऐवजी तो पायात घेऊन, समोरच्याला चकवून, शांतपणे बाहेर यायचा.

ही शांतता कुठून आली, ते त्यानं स्वतः सांगितलंय. लहानपणी त्याला फुटबॉलची भीती वाटायची. काळ्या खेळाडूचा धक्का गोऱ्याला लागला की काळा मार खायचा, हे त्यानं बांगूच्या मैदानावर डोळ्यांनी बघितलेलं. मग मोठ्या भावानं सांगितलं, तू नाचात चांगला आहेस ना, मग अंगाला अंग न लावता खेळ. सांबाच्या नाचातली बारीक पावलं त्यानं बॉलवर आणली. जग ज्याला ब्राझीलची कला म्हणून डोक्यावर घेतं, त्या कलेच्या पोटात मार चुकवण्याची भीती आहे. आपला तमाशा, आपली हलगी, आपली शाहिरी यांच्याबद्दलही कुणी 'उपजत कला' म्हणालं की मला दोमिंगोस आठवतो.

१९३८ च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध उपांत्य सामन्यात याच दोमिंगोसनं पिओलाला लाथ मारली, पेनल्टी गेली, ब्राझील २-१ नं हरलं. आयुष्यभर जो अंगाला अंग न लावता खेळला, त्याची एक लाथ लोकांनी जन्मभर लक्षात ठेवली.

१९३३ मध्ये रिओत पगारी फुटबॉल सुरू झाला आणि पहिलीच पगारी स्पर्धा बांगूनं जिंकली. शेवटी फ्लुमिनेन्सेला त्यांच्याच मैदानात ४-० नं हरवून. दोमिंगोस तेव्हा बाहेर खेळत होता, पण त्याचे भाऊ टीममध्ये होते. हौशी खेळाचा जो पवित्र नियम होता, तो गरिबाला बाहेर ठेवण्यासाठीच होता. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही तोच फुकट खेळू शकतो. पैसा मिळायला लागला आणि त्या पवित्रतेचा फुगा फुटला.

पण पैसा आला म्हणून मालकी आली नाही. क्लब खेळाडूचा 'पास' स्वतःकडं ठेवायचा. क्लबाच्या मर्जीशिवाय माणूस हलू शकत नव्हता, आणि क्लबाच्या मर्जीनं त्याला न विचारता विकता येत होतं. १९५० मध्ये फ्लामेंगोनं झिझिन्यो हा त्या काळचा देशातला सगळ्यात मोठा खेळाडू असाच बांगूला विकला. बांगूच्या मालकाला तो हवा होता, झालं. झिझिन्योला हा घाव फार लागला, तरी तो बांगूकडून सात वर्षं जीव ओतून खेळला. पोरसवदा पेले त्याला गुरू मानायचा. हा 'पास' मोडायला १९९८ चा कायदा यावा लागला, आणि त्या कायद्याला पेलेचंच नाव पडलं.

६

बांगूच्या स्टेडियमचं नाव ऐका. 'एस्तादियो प्रोलेतारियो गिल्येर्मी दा सिल्वैरा फिल्यो'. प्रोलेतारियो म्हणजे सर्वहारा, आणि पुढचं नाव गिरणीमालकाचं! सर्वहारांचं स्टेडियम, नाव मालकाचं. १९४७ ला ते उघडलं. आपल्याकडं समाजमंदिरावर कुणाच्या निधीतून, कुणाच्या सौजन्यानं, अशी पाटी बाबासाहेबांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असते, त्यातलाच हा प्रकार.

मालक काय वाईट माणूस होता का? मला माहीत असलेल्या गोष्टींवरून त्यानं क्लबावर पैसा लावला, मोठे खेळाडू आणले. चांगला खेळणाऱ्या कामगाराला गिरणीत हलकं काम, सरावाला सुट्टी मिळायची. पोरं खूश. पण ज्याच्या हातात सुट्टी देणं आहे, त्याच्याच हातात ती काढून घेणंही आहे. खेळ सुटला की कामगार पुन्हा साच्यावर.

आणि गिरणीमालक दमला तेव्हा जागा कुणी घेतली? जुगारवाल्यानं.

ब्राझीलमध्ये 'प्राण्यांचा खेळ' म्हणून आकड्यांचा जुगार चालतो. बेकायदा, पण गल्लोगल्ली. आपला मटका समजा. कास्तोर दि आंद्रादे हा त्यातला बादशहा. बांगूचाच माणूस, वकिलीची पदवी घेतलेला. बाप क्लबाचा अध्यक्ष, पोरगा क्लबाचा पोशिंदा. १८ डिसेंबर १९६६ ला माराकानावर एक लाख त्रेचाळीस हजारांवर लोकांसमोर बांगूनं फ्लामेंगोला ३-० नं हरवून दुसऱ्यांदा रिओची स्पर्धा जिंकली. मॅच पुरी झालीच नाही. फ्लामेंगोच्या आल्मीरनं हाणामारी सुरू केली, पंचांनी दोन्हीकडचे मिळून नऊ खेळाडू बाहेर काढले. त्याच वर्षी एका मॅचमध्ये पेनल्टी दिली म्हणून कास्तोर पिस्तूल घेऊन मैदानात उतरला, ही गोष्ट रिओत आजही रंगवून सांगतात.

आता बांगूच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कास्तोर कोण? तो सांगेल, आमचा देव. औषधाला पैसे दिले, लग्नाला दिले, सांबाच्या शाळेला दिले, क्लबाला दिले. पोर्तुगीज भाषेत कास्तोर म्हणजे बीव्हर नावाचा प्राणी. क्लबानं तोच प्राणी शर्टावर छापला. गिरणीमालकानं स्टेडियमवर नाव लावलं, यानं खेळाडूंच्या छातीवर.

पण हा पैसा कुठून आला? बांगूसारख्याच वस्त्यांतल्या विणकराच्या, मोलकरणीच्या खिशातून, रोज एकेक नाणं करून. घेतलं शंभर, परत दिले पाच, आणि पाचासाठी वस्ती पाया पडली. १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. त्या राजवटीतल्या माणसांशी जुगाराच्या बादशहांचे लागेबांधे कसे होते, हे पुढं शोधपत्रकारांनी मांडलं. ज्या पोलिसी दंडुक्याखाली काळी पोरं मरत होती, त्याच्याशी पोशिंद्याची दोस्ती. १९९३ मध्ये देनिस फ्रोसार्द या न्यायाधीश बाईंनी कास्तोरसह चौदा बादशहांना गुन्हेगारी टोळी चालवल्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. पुरुषांना जे जमलं नव्हतं ते त्या बाईंनी केलं. कास्तोर १९९७ ला मेला. आणि क्लब? पोशिंदा आटला तसा क्लबही आटला.

७

तरी त्याआधी एक रात्र आली होती. ३१ जुलै १९८५. लष्करी राजवट संपून चार महिने झालेले. त्याच वर्षी मे महिन्यात घटनादुरुस्ती होऊन निरक्षरांना मताचा अधिकार परत मिळालेला. आणि बांगू राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात! माराकानावर ९१,५२७ लोक. फ्लामेंगोवाले, व्हास्कोवाले, सगळ्या रिओनं त्या रात्री बांगूचा बिल्ला लावला होता. समोर कोरितिबा. मॅच १-१. मग पेनल्ट्या. पाच-पाच झाल्या. आदो नावाच्या पोरानं बॉल बाहेर मारला. कोरितिबा ६-५ नं जिंकलं.

आदो खलनायक झाला. एका लाथेनं. जुगाराच्या पैशावर उभा केलेला क्लब, एका माणसाच्या लहरीवर चाललेला कारभार, यातलं काही खलनायक झालं नाही. आदो झाला.

ही ब्राझीलची जुनी रीत. १९५० ला माराकानावर उरुग्वेकडून विश्वचषक हरले तेव्हा झिझिन्योही त्या टीममध्ये होता. दोष कुणावर आला? गोलकीपर बार्बोझा, बिगोदे, जुवेनाल. तिघेही काळे. कायद्यात सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं बार्बोझा मरेपर्यंत सांगायचा. जिंकलं तर देश जिंकतो. हरलं तर काळा हरतो.

८

गिरणी आज नाही. तिच्या इमारतीत २००७ मध्ये मॉल उघडला. आपल्या लोअर परळच्या फिनिक्स मिलचं झालं तेच. मॉलमध्ये २०१४ ला एक भला मोठा पुतळा बसवला. कुणाचा? डोनोहोचा. बॉल आणणाऱ्या साहेबाचा. बॉल खेळून दाखवणारा विणकर फोटोतच राहिला. पुतळे कसे ठरतात हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

हे सगळं मी का सांगितलं? कारण आपल्या वस्त्यावस्त्यांत क्रीडा मंडळं आहेत, जयंती मंडळं आहेत, वाचनालयं आहेत. त्यांना पन्नास-साठ वर्षं झाली. त्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. लिहितात ते स्मरणिकेत, आणि स्मरणिकेत पहिल्या पानावर जाहिरात देणाऱ्याचा फोटो असतो. प्रत्येक मंडळात एक कार्रेगाल होऊन गेलाय, ज्याचं नाव आता चार म्हाताऱ्यांनाच माहीत आहे. प्रत्येक मंडळानं कधी ना कधी आपलं १९०७ गाजवलंय. आणि प्रत्येक मंडळाचं एक १९२४ आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. डीजेचा पैसा कुठल्या बिल्डरनं दिला, कुठल्या मटकेवाल्यानं दिला, त्याच्या बदल्यात कोण कुठं गप्प बसलं, हे वहीत नसतं.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात भक्तीबद्दल इशारा दिला होता. धर्मात भक्ती चालेल, राजकारणात ती माणसाला गुलाम करते, हुकूमशाहीकडं नेते, असा त्याचा आशय. आपण त्या भाषणाचे फलक लावले आणि फलकाला हार घातले.

तेव्हा पोरांनो, येत्या सुट्टीत एवढं करा. वस्तीतल्या मंडळाच्या जुन्या वह्या शोधा. ठरावाची वही, वर्गणीची वही, टीमचे फोटो. फोटोमागं प्रत्येकाचं नाव लिहून घ्या, तो कुठल्या खात्यात कामाला होता तेही. म्हातारे जिवंत आहेत तोवर त्यांना विचारा : सही कुणी केली, पैसा कुणी दिला, हात वर कुणी केला नाही. मंडळाचा विजय लिहा, आणि मंडळ कुठं झुकलं तेही लिहा. मंडळाचा हिशेब दर महिन्याला वस्तीसमोर वाचायचा पायंडा पाडा, मग तो चार रुपयांचा का असेना. आणि लिहिलेलं आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकांत छापू.

जय भीम.